शेरा : वास नाही

यमुना पाखरेला त्या एका सहीतून काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू. दोन खोल्या, आत नळ, आणि खतघराच्या हजेरीपटावर 'हंगामी'च्या जागी 'मुकादम' हा शब्द. बावन्नाव्या वर्षी एवढं मिळत असेल तर माणूस वर्षभर कशाचाही वास घेईल. यमुना तेच करत होती.

देवराईनगरात प्लास्टिक बंद होऊन बारा वर्षं झाली होती. हॉटेलातली आमटी, शाळेतली खिचडी, लग्नातली जिलबी, सगळं 'मातपात्रा'त. मातपात्र म्हणजे उसाच्या चिपाडाचं भांडं. जेवून झालं की ओल्या कचऱ्यात टाकायचं, साठ दिवसांत त्याची माती. गावभरची ही भांडी खतघरात यायची, त्यांचं खत मळ्यांत जायचं आणि मळ्यातली मेथी पुन्हा मातपात्रात. वेशीवर फलक होता : 'इथे काहीही वाया जात नाही.' फलक खरं तेच बोलत होता, तीच तर अडचण झाली.

खताची तपासणी यंत्रं करत, पण शेवटचा शब्द नाकाचा असे. मूठभर ओलं खत पिशवीत घट्ट बांधायचं, तीन दिवस ठेवायचं, मग तोंड सोडून हुंगायचं. कच्चं असेल तर सडका भपका येतो. ते नाक यमुनाचं. वीस वर्षं कचरा वेचलेली ही बाई पूर्वी कचऱ्याची बांधलेली पिशवी नुसती नाकाशी धरून सांगायची, "ही वकिलांची गल्ली. केळफुलाची भाजी केली आणि कुणी खाल्ली नाही." वकिलीणबाई त्यावरून दोन महिने बोलत नव्हत्या.

वर्षभर तिचा एकच शेरा होता : 'दुर्गंध – नाही.' खतघराला खेटून असलेल्या टेकडवस्तीच्या तक्रारी चारशेवरून शून्यावर आल्या. शून्याला वर्ष पूर्ण झालं की शहराला मानपत्र आणि यमुनाला मुकादमकी. शेवटची सही त्या दिवशी चारच्या आत करायची होती.

सकाळी डॉ. आफरीन बागवान आल्या. त्या बाहेरगावच्या प्रयोगशाळेतल्या, मातपात्राच्या लेपावर काम करणाऱ्या. जीपमधून उतरताच त्यांनी ओढणी नाकाला लावली.

"इथं काही मेलंय का हो?"

"मॅडम, इथं तक्रारसुद्धा मरून वर्ष झालं," पहारेकरी खिलारे म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून पाच बाटल्या काढून यमुनापुढे मांडल्या. यमुनानं एकेक हुंगली.

"पाणी. पाणी. हेही पाणीच. एवढ्या लांबून पाणी आणलंत होय?"

"मावशी, हा हिंग होता. हे रॉकेल, हा सुका बोंबील, ही लवंग. आणि हे सडकं अंडं." शेवटच्या बाटलीचं बूच लावताना बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खिलारेनं पण हुंगून बघितलं. "अंडं ताजं दिसतंय," तो म्हणाला.

यमुना हसली नाही. "मला सर्दी नाही," ती म्हणाली.

"नाहीच. तुम्हाला पिकलेल्या खतातून निदान मातीचा वास तरी येतो का?"

"मातीचा कोण विचारतंय? फॉर्मावर दुर्गंधाचाच रकाना आहे."

बाई बाटल्या पिशवीत ठेवत म्हणाल्या, "मातपात्रातून गरम आमटी गळत नाही. का?"

"लेप असतो आतून."

"त्या लेपाच्या कणाला आम्ही मोडकिल्ली म्हणतो. नाकात बारीक बारीक कुलपं असतात, मावशी. हिंगाचा कण येतो, त्याच्या कुलपात किल्लीसारखा फिरतो, की डोक्यात हिंग उमटतो. हा लेपाचा कण कुलपात शिरतो आणि मोडून तिथंच राहतो. मग खरी किल्ली बाहेर ताटकळत उभी."

"पण भांड्याची तर माती होते."

"भांड्याची होते. लेपाची नाही. जिवाणू चिपाड खातात आणि लेप ठेवून उठतात, पोरं कढीपत्ता काढून ठेवतात तसा. तो खतात राहतो, खतातून मेथीत, मेथीतून आपल्यात. वर रोज नवं भांडं, नवा लेप. दर फेरीला थोडा जास्त."

"यंत्रानं सांगितलं नाही ते."

"यंत्राला शिसं विचारलं, काचेचे तुकडे विचारले. हे विचारलंच नाही."

"परत येईल?"

"नाकातल्या पेशी दर दोन महिन्यांनी नव्या येतात. पण रक्तातल्या मोडकिल्ल्या वर्षानुवर्षं जात नाहीत. नवं कुलूप बसलं की त्या तयारच."

यमुनानं पदर नीट केला. "गेला तर गेला. बाई, तुम्ही इथं वीस वर्षं राहिला नाहीत. टेकडवस्तीत कुणी पोरगी देत नव्हतं. या वर्षी सात लग्नं लागली."

"घरात तान्हं आहे तुमच्या?"

"महिन्याचं. नातू."

"अंगावर पितो?"

"कुठलं! सुनेला दूधच नाही. डब्याच्या पावडरीवर आहे."

"दूध नाही असं सांगितलं कुणी?"

"मीच," यमुना म्हणाली.

बाईंनी वही उघडली. टेकडवस्तीत वर्षभरात तेवीस बाळंतपणं, त्यांतली एकोणीस मुलं डब्यावर. "जन्मलेल्या बाळाला धड दिसत नाही, मावशी. ते आईला वासावरून शोधतं. मोडकिल्ल्या त्याला पोटातच मिळाल्या. धरून दिलं तर दोन घोट पितं, पण सुटलं की पुन्हा सापडत नाही. मग रडतं, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, दूध नाही."

दुपारी यमुना घरी गेली. सून रेवती बाटली उकळत होती.

"छातीला धर त्याला," यमुना म्हणाली.

महिन्याच्या नकुलनं डोळे मिटले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि रडायला लागला. रेवतीनं आत बांधलेलं फडकं सोडलं. ते ओलं होतं. महिनाभर ती दिवसातून तीनदा ते पिळत होती.

"आहे की दूध," यमुना म्हणाली.

"मी सांगत होते, आई."

यमुनानं वाकून नातवाच्या टाळूला नाक लावलं. कालच तेल लावून शेक दिला होता. ती बराच वेळ तशीच राहिली, आणि सवयीनं तिच्या मनात शेरा उमटला : नाही.

चारला पाच मिनिटं असताना तिनं फॉर्मावर लिहिलं : 'सांगता येत नाही.'

व्यवस्थापक सरनोबतांनी चष्मा वर केला. "मावशी, आहे किंवा नाही. तिसरा रकाना कुठंय?"

"साहेब, माझं नाक मेलंय. सगळ्यांचं मेलंय. ती भांडी बंद करा."

"बाईंचा अहवाल येईल, वर जाईल, काय ते ठरेल. आज सहीचा दिवस आहे." ते रागावले नाहीत. त्यांनी नवा फॉर्म काढला आणि दाराकडे बघून हाक मारली, "खिलारे, जरा नाक घेऊन या."

खिलारेनं पिशवी सोडली, मन लावून हुंगली. "वास नाही, साहेब." आणि सही केली. यमुनाच्या नाकाची किंमत तिला तेव्हा कळली. आता गावातलं कुठलंही नाक चालत होतं.

तर शेवटी असं झालं. खिलारेला दोन खोल्या मिळाल्या. शहराला मानपत्र मिळालं आणि त्या समारंभात हजार माणसं मातपात्रात जेवली. टेकडवस्तीला आणखी तीन सुना आल्या. तिघी महिन्याभरातच म्हणायला लागल्या की इथली हवा छान आहे. बागवानबाईंच्या अहवालाला आवक क्रमांक मिळाला. यमुना पुन्हा वेचायला जाते. ती आता पिशव्या उघडून बघते.

या सगळ्याची किंमत त्या एकोणीस बाळांनी चुकवली, आणि त्यांतल्या एकालाही अजून मान धरता येत नव्हती तेव्हापासून. नकुल रोज सहा वेळा डोळे मिटून मान डावीकडे वळवतो, उजवीकडे वळवतो. दूध दोन बोटांवर असतं. धरून दिलं तरी दोन घोटांत सुटतो. मग रेवती डबा उघडते.