सोनबा शिपायाचं रान

मार्केट यार्डात बाबांच्या गाळ्यावर मी बसले होते, तेव्हा तो मेथी घेऊन आला. भिजलेला, अंगानं सडपातळ, आणि नाव काय तर — सर्जेराव. मला हसू आवरेना.

"हसा की. लोणी काळभोरकडच्या पोरी तर आमच्या रानाचं नाव ऐकूनच पळतात."

"का? असं काय आहे तिथे?"

"मेलेला माणूस पाणी देतो पिकाला. सोनबा शिपाई."

माझं हसू तिथेच विरलं. सोनबा माझे पणजोबा. 'पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईत गेले' एवढंच घरात सांगायचे. पुढे विचारलं की बाबा उठून जायचे. मग मेलेला माणूस लोणी काळभोरात काय करत होता?

रविवारी स्वारगेटला लोणीची बस पकडली. बाबांना सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. थोडं खरं होतं… मैत्री होणारच होती.

बांधावर सर्जेराव सांगू लागला. "पलटणीतनं मेल्याची खबर आली. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला, तेरावं घातलं. बायकोचा दिराशी पाट लावला. आणि वर्साभरानं गडी दारात उभा. तेरावं घातलेल्या माणसाला घरात घेतात व्हय? भावानं दार लावलं. मग आमच्या पणज्यानं ठिवून घेतला. जन्मभर इथं राबला, पण भाकरी कुणी हातात दिली न्हाय. बांधावर ठिवायची. आई अजून ठिवती, ती बघा भाकरी."

दार लावणारं ते घर माझं होतं. मी तसं सांगितलं. सर्जेरावचा चेहरा उतरला.

"मग जावा, मैनाताई. त्याला नको असलेलं माणूस तो टिकू देत न्हाय. लग्नाआधी रान बघायला ज्या दोन-चार पोरी आल्या, त्यांच्या पायांवर पाणी चढत गेलं."

"ताई म्हणायचं असेल तर खरंच जाते."

तो लाजला. मला पणजोबा हवे होते, आणि — खोटं कशाला बोलू — आता हा माणूसही हवा होता.

तेवढ्यात समोरच्या वाफ्याचं तोंड आपोआप फुटलं. जवळ कुणी नव्हतं. ओल्या चिखलात पावलं उमटू लागली, कवायतीसारखी सरळ, आमच्याच दिशेनं. पाणी माझ्या घोट्यांवर चढलं, बर्फासारखं गार.

"मैना, चला!"

मी हलले नाही. बांधावरची भाकरी उचलली आणि समोर, मोकळ्या हवेत, हात पुढे केला.

"पणजोबा, मी तुमच्या मुलाची नात. आमच्या लोकांनी चूक केली. माझ्या हातून घ्या… घ्या ना."

पाणी गुडघ्याला लागलं. मग तळहात हलका झाला. भाकरी नव्हती. पाणी हळूहळू उतरत दुसऱ्या वाफ्याकडे निघालं.

सर्जेरावनं माझे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "यार्डात हसलात तेव्हापासनं. पण अशा रानात… राहाल?"

"राहीन. बाबांना मी समजावते."

तो हसला, मीही हसले. आमचे चारही हात एकमेकांत गुंतलेले होते. तेवढ्यात एक खरखरीत, ओला तळवा अलगद माझ्या डोक्यावर टेकला.