अजून उघडू नको

कमळाची दाढ काढायची म्हणून हौसाने त्या दिवशी टेलिफोन एक्स्चेंजमधून अर्धी रजा घेतली होती. कमळा तिची थोरली बहीण, सकाळच्या एसटीने देवरूखहून रत्नागिरीला आलेली. डॉक्टरने दाढ उपटली, खळग्यात कापसाचा बोळा बसवला आणि बजावलं, "घट्ट चावून धरा. बोळा काढेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. दोघी बाजारातून रमतगमत निघाल्या आणि व्हिडिओवाल्याची पाटी बघून हौसा थबकलीच.

त्यांच्या लहानपणचा भुताचा सिनेमा! तोच, पण नव्याने काढलेला, रंगीत.

भातं झोडून झाली की देवरूखच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, तंबूतला सिनेमा यायचा. भुताचा असला तर या दोघी घरात हटून बसायच्या. तंबूत गोणपाटावर एकमेकींना चिकटायचं, आणि भीतीचा प्रसंग आला की हौसाच्या डोळ्यांवर तळहात यायचा. मग कानाशी कुजबुज… आता तो जिना चढतोय… आता दार उघडलं… हौसाने कितीतरी भुतं अशी नुसती ऐकली होती. तरी पुढच्या वर्षी तंबूची वाट सगळ्यात जास्त तीच बघायची.

"जाऊया गो आक्का?"

बोळा चावत कमळाने मान डोलावली.

वर माडीवर खोली होती. खिडक्यांना काळे कागद, भिंतींना ओल, बिड्यांचा आणि घामाचा वास. परवाना नव्हता, म्हणून मालकाने सगळ्यांना आत घेतलं, बाहेरून कडी घातली आणि तो खाली जाऊन बसला. दोघींना शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून जागा मिळाली.

सुरुवातीला हौसाला हसूच येत होतं. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात नुसता कंदील हलला तरी ती आक्काला बिलगायची. इथे रबरी मुखवटे आणि कोकमाच्या आगळासारखं रक्त. पण मग तो बंद खोलीतला प्रसंग आला, आणि वयबिय विसरून तिने डोळे गच्च मिटले. लगेच डोळ्यांवर तळहात आला. ऊबदार, ओळखीचा.

"बाई खोलीत शिरली…" कानाशी कुजबुज सुरू झाली. "भिंतींना ओल आहे. बाहेरून कडी लागली…"

हौसाला बरं वाटलं. किती वर्षांनी असं ऐकत होती!

"बाईला वाटतंय, शेजारी बसलीय ती तिची बहीण…"

शब्द कसे लख्ख होते. आणि कमळाच्या तोंडात तर बोळा होता.

तिने शेजारी चाचपलं. कमळाची मांडी हाताला लागली. मांडीवर कमळाचा उजवा हात होता. त्याच्यावर डावा.

डोळ्यांवरचा तळहात हलला नव्हता.

हौसा उठायला गेली. तळहाताने तिचं डोकं मागच्या भिंतीवर दाबून धरलं. "अजून उघडू नको," आवाज म्हणाला. "आता तर खरा भाग आलाय…"

तेवढ्यात लाईट गेली. टीव्हीचा आवाज तुटला, माणसं शिट्ट्या मारू लागली, कुणी दार बडवू लागलं. सिनेमा थांबला. कुजबुज थांबली नाही.

"अंधार झाला. आता बाई ओरडेल. पण ऐकणार कोण…"

हौसा ओरडली. त्या गोंगाटात कुणाला काही कळलं नाही. ती नुसती हातपाय झाडत राहिली. शेवटी कडी वाजली, दार उघडलं, बोटांच्या फटींतून लालसर उजेड दिसला आणि तळहात गेला.

कमळाचं मनगट धरून ती जिना कशी उतरली, तिचं तिला माहीत. रस्त्यावर येताच कमळाने बोळा गटारात थुंकला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"केवढी बडबडत होतीस गो हौसे!" कमळा म्हणाली. "आणि माझ्या डोळ्यांवर हात कशाला दाबलास एवढा? डोळे दुखायला लागले."

"आक्का… तंबूत माझे डोळे तूच झाकायचीस ना? गोष्ट तूच सांगायचीस ना?"

कमळाने मान हलवली.

"मी कधी बघितला सिनेमा? दिवे गेले की माझे डोळे मिटलेले. तू सांगायचीस, म्हणून तर तुला बरोबर न्यायची."

दोघी एसटी स्टँडवर आल्या. गाडी सुटताना कमळाने खिडकीतून हळूच विचारलं, "ती बाई… सुटली का गो?"

"ठाऊक नाय," हौसा म्हणाली.

दिवेलागणीला ती आपल्या बिऱ्हाडी पोचली. हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला, हात जोडले. सवयीने डोळे मिटले.

"मग बाई घरी आली…" अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं. "दिवा लावला. आता घरात एकटीच आहे…"

हौसाने डोळे उघडले.

काही दिसलं नाही. फक्त पापण्या एका ऊबदार तळव्याला घासल्या.