चार बोटांची फट

यातला एक शब्दही रचलेला नाही. गोष्ट रचायचीच असती, तर रात्र घातली असती, लांबवर एखादं कुत्रं रडवलं असतं. पण हे घडलं रविवारी, भर दुपारी, अर्धं शटर ओढलेल्या गॅरेजात... आणि ज्याच्या बाबतीत घडलं, तो माणूस आजही तिथेच काम करतो.

त्याला सगळे काचेश्वर म्हणतात. इंजिनाला तो हात लावत नाही. गाडीच्या काचा, त्या वरखाली करणाऱ्या मोटरी आणि त्यांच्या तारा, एवढाच त्याचा संसार. खरा संसार अजून झालेला नाही. "सारखा काचेतूनच बघतोस, मग पोरगी कशी पटायची?" असं त्याची ताई म्हणते.

त्या दुपारी ताई, भाऊजी आणि त्यांची छोटी टिल्ली नवी गाडी घेऊन आले. नवी म्हणजे भाऊजींना नवी. आधी कुणाची होती, हे विकणाऱ्या दलालालाही धड सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बदलीच्या गावी निघायचं, आणि मागची डावी काच पूर्ण बंद होत नव्हती.

टिल्लीची जागा नेमकी तिथेच.

"दोन मिनिटांचं काम," भाऊजी म्हणाले. दुसऱ्याचं कुठलंही काम भाऊजींना दोनच मिनिटांचं वाटतं.

काचेश्वरने बटण दाबलं.

काच वर गेली... चार बोटांची फट राहिली... आणि काच आपोआप खाली आली.

"सेन्सर आहे त्याला," त्याने समजावलं. "कुणाचा हातबीत सापडला, की मोटरला कळतं. ती काच मागे घेते."

"पण हात कुठाय कुणाचा?"

"कचरा असेल खाचेत."

त्याने दरवाजाचं आतलं कव्हर उतरवलं. काच सरकते ती रबरी खाच पुसली, स्प्रे मारला. तरी तेच. मग मोटरच बदलली. नव्या मोटरला शिकवावं लागतं. काच टोकाला नेऊन बटण धरून ठेवायचं, म्हणजे कुठे थांबायचं ते तिच्या लक्षात राहतं. पण काच टोकाला जाईल तेव्हा ना!

चार बोटं... आणि खाली.

शेवटी त्याने मोटर सोडवली. गाडीबाहेर उभं राहून काच दोन्ही तळव्यांत धरली आणि हातानेच वर ढकलली.

लोखंडाला अडली तर काच खट् करते. रबराला अडली तर चरचरते.

इथे आवाजच झाला नाही.

मऊ लागलं.

त्याने पटकन हात काढले. काचेच्या वरच्या कडेला ठसे होते... आतल्या बाजूने चार. बाहेरच्या बाजूने एक.

फडक्याने पुसले. फडकं खांद्यावर टाकेपर्यंत पुन्हा उमटले.

आत बसून काच धरली, तर अंगठा आत राहतो. बाहेरून धरली, तर बोटं आत जातात आणि अंगठा बाहेर राहतो. काचेश्वरला हे कुणी सांगायला नको होतं.

म्हणजे जे कुणी होतं, ते बाहेर होतं.

तो उभा होता, त्याच बाजूला.

त्याने मान न वळवता मोटर परत जोडली. "ताई, आजच्या दिवस गाडी राहू दे इथे."

"राहू दे?" भाऊजी उसळले. "सामान पुढे गेलंय! आणि तूच मागे म्हणाला होतास, बटण दाबून धरलं की सेन्सर गप्प बसतो. मग धर दाबून!"

"नको, भाऊजी."

"वाऱ्याने पोरगी आजारी पडेल रस्ताभर. मामा आहेस की कोण तिचा?"

हे वर्मी लागलं. त्याने टिल्लीकडे पाहिलं. ती मागच्या सीटवर मांडीत हात घेऊन बसली होती. फटीकडे बघत.

त्याने बटण दाबलं आणि धरून ठेवलं.

मोटर कुरकुरली. काच चढली. फट कमी झाली... आणखी थोडी...

आणि कण्हण्याचा आवाज आला. दात आवळून सोसणाऱ्या माणसाचा येतो, तसा.

"मोटरच आहे ना ती?" भाऊजींचा आवाज एकदम उतरला.

"मामा, सोड," टिल्ली म्हणाली. "तिला लागतंय."

त्याने बटण सोडलं. काच खाली घेतली.

ताईने टिल्लीला ओढून कडेवर घेतलं. मग काचेश्वरने धंद्यात कधी केलं नव्हतं ते केलं. खाचेत लाकडी ठोकळा अडकवला, काच त्याला टेकवली आणि बटण धरून ठेवलं. मोटरला खोटं शिकवलं: टोक इथेच आहे. आता काच चार बोटं अलीकडेच थांबणार होती, कायमची. ठोकळा काढला. कुणाचा हात चेंगरणार नाही आणि कुणाला आतही शिरता येणार नाही, असा त्याचा हिशेब.

फटीवर भाऊजींनी प्लास्टिक चिकटवलं. "दिव्य काम केलंस," असं पुटपुटले, पण गाडीत बसायची घाई त्यांनाच जास्त होती.

पुढे बरेच दिवस सगळं ठीक होतं. मग ताईचा फोन आला, आवाजात नुसता आनंद.

"अरे, ती काच आपली आपणच सुधारली बघ! कालपासून पूर्ण बंद होते."

काचेश्वरच्या हातातला पाना तसाच राहिला. शिकवलेली मोटर शिकवलेल्या जागेपुढे जात नाही. जाऊच शकत नाही.

"ताई... टिल्ली कुठे बसते हल्ली?"

"मागेच की. पण खिडकीचा नाद सोडलाय. मधे बसते, अंग चोरून. सरक म्हटलं तर म्हणते, आम्हा दोघींना पुरत नाही. एकेक खुळं पोरांची!"

"ताई, गाडी घेऊन ये. आजच्या आज."

मागून भाऊजी ओरडले, "कशाला? त्याला विचार, बिघडलंय काय?"

ताईने विचारलं, "बिघडलंय काय रे?"

बिघडलेलं काहीच नव्हतं. काच घट्ट बंद होत होती.