सागाची बाजू

"माजा मालक कुनाच्या पापानं गेला, तेवडं शोधा सायेब," तुळजाबाई म्हणाली. "माज्या हातानं पूजा करून चढवली हुती ती तुळई. देवबी आडवा आला न्हाई."

साठ सालच्या आषाढात ताम्हिणीच्या नव्या शाळेची तुळई मोडली आणि खाली उभा असलेला तिचा नवरा, सावळा, जागीच गेला. गावाने कोंडिबा सुताराला चोर ठरवून त्याचं काम बंद पाडलं. तुळजाबाईचं मन मात्र मानेना, म्हणून तिने पुण्याहून गुप्तहेर कारखानिसांना बोलावलं होतं. सोबत त्यांचे स्नेही निगुडकर होते. मनाने निर्मळ, डोक्याने सावकाश.

मोडकी तुळई अंगणात पडली होती. फळीवर फळी सरसाने चिकटवून केलेली. एका अंगाच्या फळ्या सागाच्या, बाकी सगळं किंजळाचं गाठाळ लाकूड.

"उघड आहे," निगुडकर म्हणाले. "हलकं लाकूड भरून सुताराने हात मारला."

"सरस कुठेच सुटलेला नाही," कारखानीस म्हणाले. "चीर किंजळाच्या शेवटच्या फळीत, गाठीपासून सुरू झाली आहे." सागाच्या अंगाला वाशांच्या खिळ्यांची भोकं होती आणि भोकांच्या आजूबाजूला कुंकवाचे पुसट डाग. ते त्यांनी बराच वेळ पाहिले.

शाळा समितीचा जयसिंग म्हणाला, "साग पुरंना. कोंडिबा म्हनला, हलकं लाकूड बी चालतंय. आमी ऐकलं, तितंच फसलो."

"चढवताना तो होता?"

"न्हाई, तापानं फणफणला हुता. तुळई उताणी ठिवलीया, पालथी करून चढवा, येवडा निरोप धाडला."

"आणि तुम्ही पालथी केली?"

जयसिंगने नजर चुकवली. "गर्दी लई हुती. ध्यानात न्हाई."

कोंडिबाने तर वर पाहिलंच नाही. "माजंच चुकलं म्हना आन् मिटवा, सायेब."

इतक्या घाईने कुणी दोष अंगावर घेत नाही. कारखानिसांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण कोडं सुटू लागलं की या माणसाला धीर राहत नसे.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर बसवलं.

"कोंडिबा निर्दोष आहे. भार आला की तुळईचं खालचं अंग ताणलं जातं. गाठाळ लाकूड दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून त्याने साग खालच्या अंगाला ठेवला, किंजळ मध्ये आणि वर. काम चोख होतं. पण वाशांचे खिळे सागात आहेत. म्हणजे साग वर गेला. तुळई उलटी चढली!"

"निरोप असूनही?" निगुडकरांनी विचारलं.

"कुंकू! उताण्या तुळईची पूजा झाली, ते सागाला लागलं. पालथी केली की कुंकू खाली जाणार. तेव्हा कुणीतरी अडवलं, की देवाचं कुंकू..."

पूजा कुणी केली होती, ते कारखानिसांना आत्ता आठवलं.

"म्याच," तुळजाबाई म्हणाली. "कुकवाचं त्वांड खाली करू नगा, म्हून म्याच वरडले."

कोंडिबा उठला. "मोडली त्याच दिशी मला ठाव हुतं, सायेब. माजं काय, दुसऱ्या गावात काम मिळल. हिनं आता कुटं जायाचं?"

कारखानिसांना स्वतःच्या हुशारीची शरम वाटली. ते पुटपुटले, "बाई, हे इथेच राहील. बाहेर कुणाला कळायला नको."

"का? कोंडिबादादानं जल्मभर चोर म्हनून ऱ्हायाचं?" ती जयसिंगकडे वळली. "उद्या दवंडी द्या. तुळई तुळजानं उलटी चढवली म्हून सांगा."

"आगं, पन..."

"द्या म्हन्ते न्हवं."