मावशीची चाळीस पावलं

दिवा का लावत नाही म्हणून विचारताय, तर बसा, सांगतो. मी वायरमन. गावभर उजेड करतो आणि स्वतः अंधारात बसतो, म्हणून लोक हसतात. हसू देत.

मला मावशीनं वाढवलं. डावा पाय ओढत चालायची, पण किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायला वीस वर्षं एक दिवस चुकली नाही. टॉर्चला लाल कापड बांधायची. पांढऱ्या उजेडाला पिल्लं भुलतात आणि समुद्र सोडून रस्त्याकडे जातात, म्हणायची. घरट्यावर खूण ठेवायची नाही, कारण कुत्र्यांच्या आधी माणसं पोचतात. वहीत फक्त पावलं लिहायची.

मग तिथं हॉटेल यायचं ठरलं. अट एकच होती, जिवंत घरटं सापडलं तर किनाऱ्याला हात लावायचा नाही. नेमकी त्याच हंगामात मावशी गेली. वहीतली शेवटची ओळ होती, ‘मोडक्या होडीपासून खडकाकडे चाळीस पावलं.’

आणि हॉटेलच्या दिव्यांचं काम कुणाकडे? माझ्याकडे! पोट कुणाला चुकलंय? तरी रोलर फिरायच्या आदल्या दुपारी वनखात्याच्या साहेबांना घेऊन गेलो. चाळीस पावलं मोजली, हातभर खणलं. नुसती वाळू. आजूबाजूला खणलं, तिथंही तेच. साहेब माणूस भला. म्हणाले, "सकाळी सातला येतो. तोवर दाखवा, नाहीतर माझाही इलाज नाही."

ते गेले. मी तोंड पाडून होडीवर बसून राहिलो. दिवस मावळला, वारा पडला. लाटांच्या आवाजात दुसराच एक आवाज यायला लागला. थप्... सर्रर्र. थप्... सर्रर्र. पाठोपाठ तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. भ्यालो, पाय होडीवर ओढून घेतले. समोरच्या ओल्या वाळूत एकेक पाऊल उमटत होतं. उजवं नीट, डावं ओढलेलं. वर कुणीच नव्हतं.

"मावशी...?"

पावलं थांबली. लहानपणी मी मागे पडलो की ती थांबायची, अगदी तशीच.

मी उठलो आणि तिच्या ठशात पाय ठेवला. ठसा कोमट होता. माझी ढांग लांब, ती आखडती घ्यावी लागली. मोजत गेलो. तिचं चाळिसावं पाऊल पडलं तेव्हा मी दुपारच्या निम्म्या वाटेवरसुद्धा पोचलो नव्हतो. जन्मभर तिच्या मागून चाललो, आणि मोजायच्या वेळी मी गाढव माझीच पावलं मोजत बसलो. तिथंच बसून पोटभर रडलो.

पायाशी वाळू हलली. एक इवलंसं डोकं वर आलं, मग दुसरं... मी टॉर्च लावला नाही. बरीच पिल्लं पाण्याकडे गेली, बाकीची अंडी सकाळी सातला साहेबांनी डोळ्यांनी पाहिली. रोलर परत गेला. माझं कामही गेलं, पण त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हापासून दर हंगामात ते ठसे होडीपाशी सुरू होतात. मी त्यांच्या मागून जातो, घरटं सापडतं.

यंदा मात्र... आत येताना उंबऱ्यावरची ओली वाळू पाहिलीत ना? ठसे आत आलेले आहेत. बाहेर गेलेले नाहीत.

जरा हळू बोला. आणि दिव्याचं म्हणाल तर, तिला पांढरा उजेड चालत नाही.