थोरली, धाकटी आणि विसरलेला स्विच

ती कॅमेऱ्याच्या दुकानात शिरली ती लेन्सचं हरवलेलं झाकण घ्यायला. पण कपाटात ती पांढरी, भारदस्त प्रोफेशनल लेन्स दिसली आणि झाकण बाजूलाच राहिलं.

"डोळ्यांनी खाऊ नका, काच आहे ती," आतल्या टेबलावरून आवाज आला.

चिमट्यात इवलासा स्क्रू धरून एक तरुण बसला होता. बिघडलेल्या लेन्स उघडून बऱ्या करणारा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. तिने नाक मुरडलं, पण थांबली. गरज तिचीच होती. वर्तमानपत्रात फोटोग्राफर म्हणून लागल्यापासून दोन वर्षं ती नुसते उद्घाटनांत फिती कापणारे हात टिपत होती. उद्याच्या धावण्याच्या स्पर्धेतला फोटो जमला तर क्रीडापानावर कायमची जागा, नाहीतर पुन्हा फिती... संपादकांनी स्पष्ट बजावलं होतं.

कपाटातली ती पांढरी, दुकानातली थोरली, तर आवाक्याबाहेरच होती. मग डॉक्टरने खणातून एक काळी, हलकी, प्लॅस्टिकच्या अंगाची झूम लेन्स काढली. ही धाकटी, म्हणाला. तिने ती तळहातावर तोलली आणि हिला घेऊन गेले तर मैदानावरची मंडळी हसतील, असं सांगून टाकलं. ते त्याला स्वतःच्या लेकीला नावं ठेवल्यासारखं लागलं. त्याने तिथल्या तिथे ट्रायपॉड उभा केला, समोरच्या शिंप्याच्या पाटीवर नेम धरला आणि दोन्ही लेन्सनी एकेक फोटो काढला. ती त्याच्या खांद्याशी वाकून स्क्रीनकडे बघू लागली. त्याच्या बोटांना मशीनच्या तेलाचा मंद वास होता... तो तिला आवडला, आणि आवडला म्हणून ती जरा गोंधळली.

धाकटीच्या फोटोत पाटीवरचे उडालेले पोपडेसुद्धा मोजता येत होते. थोरलीची अक्षरं मात्र चक्क हललेली. ती हरखून धाकटीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अंतिम शर्यतीला दहा मिनिटं उरली असताना, डॉक्टर धापा टाकत मैदानावर हजर झाला. गळ्यात थोरली.

"कालची चाचणी चुकीची होती," तो म्हणाला. "हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून थोरलीला एक स्विच असतो. ट्रायपॉडवर तो बंद करावा लागतो, नाहीतर ती नसलेली थरथर शोधत स्वतःच हलते. धाकटीला तो स्विचच नाही. मी... मी बंद करायला विसरलो. आज ही वापरा. पैसे नकोत."

तिने थोरलीकडे पाहिलं, वर कडक उन्हाकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "ऊन भरपूर आहे. आणि हिच्या खोडी मला सकाळपासून कळल्यात. ही फोकसला जरा संथ आहे, म्हणून मी आधीच पुढच्या जागेवर फोकस धरून थांबते. आता लेन्स बदलली तर चुकेन."

ती अंतिम रेषेवर नेम धरून बसली. शर्यत सुटली, मुली आल्या, आणि संपलंसुद्धा.

डॉक्टरने तिने काढलेला फोटो स्क्रीनवर मोठा केला, आणखी मोठा केला. जिंकणारी मुलगी फितीकडे बघतच नव्हती. शेजारून धावणाऱ्या मुलीकडे मान वळवून ती हसत होती, आणि हनुवटीवर घामाचा एक थेंब लखलखत होता.

"थोरलीने मागची गर्दी आणखी धूसर, मऊ केली असती," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मी असतो तर फितीकडेच बघत बसलो असतो. काय फोटो काढलाय हो..."

फोटो पाठवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच संपादकांचा फोन आला. सोमवारपासून क्रीडापान. तिला हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिने त्यालाच धारेवर धरलं.

"एवढे डॉक्टर तुम्ही. तो स्विच विसरलातच कसा?"

"आठ वर्षांत कधी नाही विसरलो. काल तू शेजारी येऊन वाकलीस आणि..." त्याने जीभ चावली. "म्हणजे तुम्ही."

तिला त्या 'तू'ने फार बरं वाटलं. चेहऱ्यावर ते दिसू नये म्हणून तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याच्यावर रोखला. धाकटी कुरकुरली, पुढे गेली, मागे आली. त्याचा चेहरा काही स्पष्ट होईना.

"दीड मीटरच्या आतलं हिला दिसत नाही," तो हळूच म्हणाला. "थोडं मागे जावं लागेल."

"मला नाही जायचं मागे," ती म्हणाली, आणि तिने कॅमेरा खाली केला.