एक सूर सोडून

पायपेट्या दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराला स्वतःच्या हुशारीची जेवढी खात्री होती, तेवढीच गिऱ्हाइकांच्या अकलेची शंका. पेटी पावसाळ्यात रुसते, हात बदलला की रागावते, असलं काही कुणी सांगितलं की हा नाक मुरडायचा. सगळे दीडशहाणे!

त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पेटी उघडून दाखवली, तेव्हाही त्याला हसूच आलं. उंदरांनी आतला भाता पार कुरतडला होता. खोलीत जुन्या चामड्याचा कुबट वास कोंडला होता.

"सगळी नीट करा," बाई म्हणाल्या. "फक्त ही मधली पट्टी सोडून. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण तेवढा सूर अजून लागतो. मी त्याच्याच आधारानं राहते."

"आपोआप लागतो? बाई, पायानं भाता ओढला की आतली हवा निघते, बाहेरची आत घुसते, आणि वाटेतली पितळी पाती थरथरते. त्याला सूर म्हणतात. इथं भात्याची चाळण झालीय!"

तेवढ्यात पेटीतून सूर आला. बारीक, ओढलेला. थांबला. पुन्हा आला. दमेकऱ्यानं श्वास घ्यावा तसा.

त्यानं फाटका भाता पुन्हा एकदा वाकून पाहिला, पण कबूल करील तर तो कारागीर कसला! त्यानं आकड्यानं नेमकी त्याच पट्टीची पाती बाहेर खेचली.

"नका हो... हात जोडते..."

या धंद्यातली माणसं पाती तोंडानं तपासतात. त्यानंही ती ओठांशी धरली आणि बाईंकडे तुच्छतेनं बघत जोरात श्वास आत ओढला. पातीनं हूं की चूं केलं नाही.

"मेलीय ही. झालं समाधान?"

पेटी गप्प झाली होती. बाई मटकन खाली बसल्या. त्याला जरादेखील कीव आली नाही. हत्यारं गोळा करायला तो वाकला, त्यानं श्वास घेतला, आणि सूर वाजला.

त्याच्या छातीत.

त्यानं घाबरून श्वास रोखला. सूर चालूच राहिला...

बाई उठल्या. त्यांनी दाराला आतून कडी घातली. कपाटातून तीन वर्षं जपलेला चष्मा काढला, पुसला आणि हलकेच त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"दमलात ना? बसा जरा."

त्याला ओरडायचं होतं. पण तो बसला. जन्मात कधी त्याला चष्मा लागला नव्हता. तरी खोली आत्ता कुठे स्पष्ट दिसू लागली.